उतरवून मिळेल

मौला मुजावरच्या गॅरेजवर पाटी आहे: 'मुजावर गॅरेज. गाडी उतरवून मिळेल.' पाटी रंगवायला आलेल्या पेंटरने 'लोअरिंग' असा इंग्रजी शब्द लिहू का म्हणून विचारलं होतं, पण त्या शब्दाच्या स्पेलिंगवर पेंटर, मौला आणि समोरचा चहावाला अशा तिघांची तीन मतं पडली. शेवटी मौला वैतागून म्हणाला, "मराठीत लिही की रं. उतरवून मिळेल म्हण. कोल्हापुरात कुणाला कळत न्हाय?"

कळायचं ते सगळ्यांना कळतच होतं. इथल्या पोरांना गाडी घेण्यापेक्षा ती जमिनीला टेकवण्यात जास्त गोडी. गाडी आजोबांच्या वयाची असेना का, टायर गुळगुळीत असेनात का, पण उभी राहिली की चाकावरच्या कमानीत बोटं शिरता कामा नयेत. ज्यांचा खिसा जड ते पुण्याहून तयार सेट मागवतात. ज्यांचा हलका ते उद्यमनगरच्या मागच्या गल्लीत मौलाकडे येतात. मौला गाडीच्याच स्प्रिंगा काढतो, ग्राइंडरने प्रत्येकीचा एक वेढा कापतो आणि परत बसवतो. स्प्रिंग गॅसवर तापवून दाबणारेही आहेत, त्यांचं नाव काढलं की तो थुंकतो. तापवलं की लोखंडाचा जीव जातो, असं त्याचं म्हणणं.

पाटी पटली नव्हती ती फक्त खैरुनबीला, त्याच्या बायकोला. गॅरेजच्या मागेच त्यांचं घर. तिचा मुद्दा साधा होता. आडनाव मुजावर, आणि वर 'उतरवून मिळेल'. मौलाचा आजा शिरोळकडच्या एका दर्ग्याचा मुजावर, म्हणजे सेवेकरी होता. लोक झपाटलेली माणसं त्याच्यापुढे आणून बसवत, आणि तो ऊद जाळून, फुंकर मारून त्यांच्या अंगातलं उतरवायचा. मौला ती विद्या शिकला नाही, शिकायची इच्छाही नव्हती. पण पाटी वाचणाऱ्याला हे कसं कळणार?

"एक दिन कोई भूत लेको आताय, देखो," खैरुनबी म्हणायची. मौला खो खो हसायचा.

यंदाच्या पावसाळ्यापासून मात्र त्याचं हे हसणं आटलं होतं. गॅरेजच्या आतल्या भिंतीवर एका खिळ्याला चार स्प्रिंगा लटकत होत्या. न कापलेल्या, पूर्ण उंचीच्या, काळ्या रंगाचा हात दिलेल्या, आणि तारेत ओवून वर सुतळीचा तुकडा बांधलेल्या. गल्लीतून ट्रक गेला की त्या एकमेकींना लागून वाजत. टक्, टक्. ट्रक गेला तर वाजणारच. पण ऐन दुपारी, वारा पडलेला, गल्लीत चिटपाखरू नाही, अशा वेळी त्या वाजल्या की मौलाच्या हातातला पाना थांबायचा. त्याने मधे फडकं कोंबून पाहिलं. दोन दिवस बरं गेलं. तिसऱ्या दिवशी फडकं खाली पडलेलं, आणि पुन्हा टक्, टक्. मौला भित्रा माणूस नव्हे. तरी दर वेळी त्याला वाटायचं की दारात गिऱ्हाईक आलंय, हाक मारायला लाजतंय आणि कडी वाजवतंय. तो वळून बघायचा. दारात कुणी नसायचं, आणि मग बराच वेळ त्याचं कामात लक्ष लागायचं नाही.

त्या स्प्रिंगा होत्या आदर्शच्या. आदर्श हा कुरुंदवाडकडचा, घरचा ऊस असलेला, तोंडाचा पट्टा अखंड चालू असलेला पोरगा. शिमग्याच्या सुमारास तो तिसऱ्या हाताची एक पांढरी गाडी घेऊन आला होता. "मामा, खिशात काय दम न्हाय, पर गाडी एक नंबर दिसली पायजे," असं त्याने आल्या आल्याच सांगून टाकलं. मौलाने चारही स्प्रिंगांचा एकेक वेढा कापला, गाडी जमिनीलगत आणली आणि नेहमीसारखा मागे जाऊन उभा राहिला. हा त्याचा जुना शौक. गाडी उंच असो की बसकी, आतल्या माणसाचं वजन ती लपवत नाही. ज्या अंगाला माणूस बसतो त्या अंगाला ती हलकीशी कलते. मौला पाठ करून उभा राहायचा, कुणीतरी मागच्या सीटवर जाऊन बसायचं, आणि वळून नुसतं गाडीचं बूड बघून मौला सांगायचा, डावीकडं बसलाय, का उजवीकडं. त्यात तो कधी चुकला नव्हता. आदर्श त्याच्याशी पैज लावून चहा हरला आणि हसत हसत गेला.

उन्हाळा संपता संपता तो परत आला, तेव्हा मात्र जरा ओशाळलेला होता.

"मामा, गाडी परत चढवून द्या."

"ह्या गल्लीत गाडी खाली येती. वर जात न्हाय," मौला म्हणाला.

"आईला बसता येईना वो. गुडघं गेल्यात तिचं. एकदा बसली ती उठंचना. मी आणि आबांनी वडून भाईर काढली. तवापास्नं गाडीचं नाव काढू देत न्हाय. यष्टीनं जाती, चालत जाती, पर गाडीत पाय ठेवत न्हाय. तिला जोतिबाला न्यायचंय मला. न सांगता करायचंय सगळं."

"कापलेला वेढा परत जोडता येत न्हाय, लेका."

"मग भंगारातनं हुडका की. नव्या घ्यायची ऐपत असती तर तुमच्याकडं कशाला आलतो?"

असं म्हणून त्याने खिशातून सुतळीचा तुकडा काढला. दोन्ही टोकांना गाठी. "ही गाठ जमिनीला, ही वरची आईच्या खाटंला. एवढ्यावरनं ती हात न टेकता उठती. गाडीची सीट एवढ्यावर आली पायजे."

मौला पोट धरून हसला. लोक टेपने मोजतात, बोटांनी मोजतात; आईच्या गुडघ्याच्या मापाची सुतळी घेऊन आलेलं गिऱ्हाईक त्याने पहिल्यांदाच पाहिलं. पण हसून झाल्यावर त्याने ती सुतळी नीट गुंडाळून शर्टाच्या वरच्या खिशात ठेवली.

जुन्या स्प्रिंगा मिळायला वेळ गेला. आषाढात कबनूरच्या एका भंगारवाल्याकडे त्याच जातीची मोडीत काढलेली टॅक्सी सापडली. मौलाने तिच्या स्प्रिंगा घासल्या, रंगवल्या, सुतळी वरून बांधली आणि आदर्शला फोन लावला. बंद. चार दिवसांनी लावला. बंद. "उडाणटप्पू! माल आणायला लावतंय आणि गायब हुतंय," असं म्हणून त्याने शिव्या घातल्या. पुढे दुसऱ्या गिऱ्हाइकांनी त्या स्प्रिंगा मागितल्या. मौला देतो म्हणायचा, खिळ्यापर्यंत हात न्यायचा आणि तसाच परत यायचा. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

पितरांचा पंधरवडा लागला. या दिवसांत कुणी गाडीला हौसेचं काम करत नाही, त्यामुळे गॅरेज रिकामं होतं. मौला मागे घरात चहा पीत होता. पुन्हा टक्, टक् झालं. या वेळी त्याने वळून बघायचं नाही असं ठरवलं, पण पाठोपाठ बाईमाणसाचा आवाज आला, "हायत का कोण?"

पुढे येऊन बघतो तर दारात एक पन्नाशी उलटलेली बाई उभी. चपला तिने बाहेर काढून ठेवल्या होत्या. ग्रीस सांडलेल्या त्या फरशीवर कुणी चपला काढून उभं राहिल्याचं मौलाने आजवर पाहिलं नव्हतं.

"मुजावर तुम्हीच न्हवं?"

"व्हय. बसा की, आक्का."

ती बसली नाही. "तुम्ही उतरवता म्हणं."

"उतरवतो की. जल्म गेला त्यात."

"गाडीतलं बी उतरतंय?"

"गाडीचंच तर काम हाय आपलं."

तिला हायसं वाटलेलं दिसलं. तिने पिशवी खाली ठेवली आणि त्यातून एकेक जिन्नस काढून मौलाच्या हत्यारांच्या टेबलावर मांडला. नारळ, लिंबं, काळा दोरा, केळीच्या पानात बांधलेला दहीभात. मौला बघत राहिला. नव्या गाडीची पूजा करणारे त्याने पाहिले होते, पण दहीभात म्हणजे तिकटीवर ठेवायचा उतारा, हे कोल्हापुरातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. आजाच्या दर्ग्यातला ऊद एकदम त्याच्या नाकात आला.

"आदी गाडी तर बघू," असं म्हणून तो घाईने बाहेर पडला.

गल्लीच्या तोंडाशी पांढरी गाडी उभी होती. टोपी घातलेला एक म्हातारासा माणूस स्टिअरिंगवर हात ठेवून आत बसला होता. मौलाने गाडी लांबूनच ओळखली. आपण उतरवलेली गाडी तो विसरत नाही.

"अवो, ही आदर्शची गाडी न्हवं? कुठं हाय ते बेणं? त्येचा माल आणून टाकलाय आणि फोन लागत न्हाय—"

बोलता बोलता तो थांबला. गाडीतला माणूस वर बघत नव्हता. कापलेल्या स्प्रिंगा, वेग, हायवेचं वळण, असं काय काय मौलाच्या डोळ्यांपुढून गेलं. त्याने गाडीला एक चक्कर मारली. कुठे पोचा नव्हता, की ओरखडा नव्हता.

"पान लागलं त्येला," तो माणूस म्हणाला. तो आदर्शचा बाप, गणपतराव. "उसाला पाणी पाजत हुता. साप कुणी बघितला न्हाय. मोटरसायकलवर मधी बसवून दवाखान्यात न्हेलं, पर..."

गाडी नव्हती त्यात, एवढं कळून मौलाला आधी सुटल्यासारखं वाटलं, आणि सुटल्यासारखं वाटलं याची लगेच लाजही वाटली. पोरगं आषाढाच्या सुरुवातीला गेलं होतं. फोन लागत नाही म्हणून ज्याला तो शिव्या घालत होता तो तेव्हा जगातच नव्हता.

बाई मागून अनवाणीच आली होती. झुंबरबाई तिचं नाव. गाडीपासून चार पावलं लांब उभी राहून ती बोलायला लागली. कुरुंदवाडहून नवरा गाडीने आला होता आणि ती एकटी यष्टीने, स्टँडवरून रिक्षाने.

"घरापुढं रस्त्याला उंचवटा केलाय. ह्येनी गाडी आणली की तिथं मागनं ठोकतंय. टक्, टक्. त्यो उशिरा आला की मागच्या दाराची कडी अशीच वाजवायचा. दोनदा. तिसऱ्यांदा कधी न्हाय. म्हणायचा, आईला दोनदात जाग येती." तिने पदर तोंडाला लावला. "आता गाडी दारात नुसती हुबी असली तरी मला ऐकू येतंय. देवाचं झालं, देवऋषी झालं. कुणीतरी सांगितलं, कोल्हापुरात मुजावर हायत, त्ये गाडीतलं उतरवत्यात. पाटीच लावलीया."

आवाज कशाचा ते मौलाला ऐकल्याबरोबर कळलं होतं. वेढा कापला की स्प्रिंग आखूड होते, चाक खाली गेलं की ती वाटीतून सुटते आणि परत बसताना ठोकते. एकदा जाताना, एकदा येताना. हे त्याचंच काम होतं, त्याच्याच ग्राइंडरचं.

"आक्का, त्ये तसलं काय न्हाय. ती स्प्रिंग सैल पडलीया. मी गाड्या दुरुस्त करणारा माणूस. गाडी खाली करून देतो, त्येला आमच्यात उतरवणं म्हणत्यात."

तिने ऐकलं, पण मानलं नाही. "माझ्यावर रुसलाय त्यो," ती म्हणाली. "एवढ्या हौसंनं गाडी घेतली आणि मी बसले न्हाय. जायच्या आदल्या म्हैन्यात एकदा सुतळी घेऊन माझी खाट मोजत हुता. मी पडलेली हुते. मला राग आला. म्हणलं, खाट कशाला मोजतोस मुडद्या, तिरडी बांधायचीया व्हय? हसला आणि गेला. तिरडी बांधली, पर कुणाची बांधली? माझ्या तोंडानं गेला वो त्यो. ह्यो सबूद परत घेता येत न्हाय म्हणून ठोकतोय."

मौला तडक आत गेला. खिळ्यावरून स्प्रिंगा काढताना त्या एकमेकींवर आपटल्या, टक्, टक्, आणि बाहेर उभी झुंबरबाई दचकून मागे सरली.

मौलाने गाठ सोडली आणि सुतळी तिच्या हातात दिली. "हीच न्हवं?"

तिने ती ओळखली. दोन्ही टोकांना दुहेरी गाठ. गाठीवर गाठ मारायची त्याची लहानपणापासूनची खोड होती.

मग मौलाने तिला सगळं सांगितलं. जमिनीची गाठ, खाटेची गाठ, जोतिबा, आणि तिला कळू न देता गाडी चढवायची गोष्ट. आपण हसलो होतो हेही सांगितलं. स्प्रिंगा मिळायला उशीर झाला हे सांगताना तो तिच्याकडे न बघता स्प्रिंगांकडे बघत होता.

"आईला बसता येईना, असं म्हणला?"

"व्हय."

"रागानं म्हणला?"

"न्हाय वो आक्का. लाजत म्हणला."

तिने त्याच्याकडून ते पुन्हा वदवून घेतलं, मग पुन्हा एकदा. गाडीतल्या गणपतरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती आणि ते काचेतून समोरच्या भिंतीकडे बघत रडत होते. पोरगा गेल्यापासून ते बहुधा तेव्हाच पहिल्यांदा रडले असावेत, कारण झुंबरबाई त्यांच्याकडे वळून बघतच राहिली.

"उतरवू नगा मग," ती मौलाला म्हणाली. "चढवा."

मौलाने गाडी आत घेतली. पाना उचलताना तो रोज बिस्मिल्ला म्हणतो, तसा आजही म्हणाला, पण आज जरा मोठ्यांदा म्हणाला, कारण ती ऐकत होती आणि त्याच्या तोंडून काहीतरी म्हटलं जावं असं तिला वाटत होतं, हे त्याला कळलं होतं. दुपारभर काम चाललं. मधे खैरुनबी चहा घेऊन आली. टेबलावरची लिंबं, नारळ, दहीभात बघून तिने मौलाकडे असं पाहिलं की दुसऱ्या वेळी तो हसला असता. मग तिने झुंबरबाईला हाताला धरून खाटेवर बसवलं आणि दोघी बायका शेजारी शेजारी बसून राहिल्या.

चारही स्प्रिंगा बसल्यावर मौलाने सुतळी मागून घेतली. एक गाठ जमिनीला धरली, दुसरी मागच्या सीटच्या कडेला. सीट बोटभर खालीच राहत होती. दुसऱ्या कुणाच्या गाडीला त्याने एवढ्यावर हात झटकले असते. आज त्याने मागच्या स्प्रिंगा पुन्हा काढल्या, खाली रबराची जाड चकती घातली आणि पुन्हा मोजलं. गाठ बरोबर सीटच्या शिवणीवर आली.

"बसा, आक्का," तो म्हणाला.

झुंबरबाई गाडीपाशी आली. डावं मागचं दार उघडलं, पाठ करून टेकली, एक पाय आत घेतला, मग दुसरा. हात कुठेच टेकला नाही. ती उठली. परत बसली. पुन्हा उठून बघायचं तिच्या मनात आलं असावं, पण मग तिने डोळे मिटले आणि तशीच बसून राहिली. दार मौलाने लावलं.

गणपतराव आत मोरीवर तोंड धुवायला गेले होते. गाडीत ती एकटी. मौला सवयीने मागे जाऊन उभा राहिला.

गाडी कुठेच कलली नव्हती.

तो खाली वाकला. डावीकडच्या कमानीत बोटं घातली, तीन बसली. उजवीकडे गेला, तिथेही तीनच. जमीन सपाट होती, ती त्याची रोजची फरशी होती. बाई अंगाने भरलेली, डाव्या दाराला अगदी खेटून बसलेली. डावं अंग खाली यायला हवं होतं. गाडी मागून सरळ रेषेत, दोन्ही अंगांना सारखी बसली होती. मौलाने पुन्हा बोटं घातली, आणि मग ती काढून उगाच फडक्याला पुसत राहिला.

"आक्का," तो खिडकीशी येऊन म्हणाला. "मधी सरकून बसा की. ऐसपैस जागा हाय."

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. डोळे तिने अजून उघडले नव्हते. "असू द्या जागा."

गणपतराव आले आणि गाडी सुरू झाली. लिंबं, नारळ आणि दहीभात टेबलावर तसेच राहिले, आणि त्यांची आठवण कुणी केली नाही. मौला गल्लीत उभा राहिला. तोंडाशी ड्रेनेजसाठी खणून बुजवलेला उंचवटा होता. गाडी त्यावर चढली, उतरली. त्याने कान टवकारले होते. काहीच वाजलं नाही. वळणावर गाडी वळली तेव्हाही तिचं बूड सरळच होतं.

खैरुनबी मागे येऊन उभी राहिली होती. तिने आतल्या रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं, टेबलावरच्या उताऱ्याकडे पाहिलं.

"उतर्‍या क्या, जी?" तिने हळूच विचारलं.

मौलाने मान हलवली.

"नै," तो म्हणाला. "बैठ्या."